मीटरकाकांनी शोधलेली गळती

"मीटर माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही!"

मीटरकाका असं म्हणाले, की समोरच्यानं निमूट मान डोलवायची. वाद घालायचा नाही. घातलाच, तर एकतीस वर्षांचा इतिहास उभ्याउभ्या ऐकावा लागे, आणि तोही पहिल्या दिवसापासून!

मीटरकाका कोण, ते आधी सांगतो. पाणीखात्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोकांच्या घरी जायचं, जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्याच्या खोपट्याशेजारी, जिथं कुठं पाण्याचं मीटर दडलेलं असेल तिथं ओणवं व्हायचं, काच पुसायची आणि आकडा टिपायचा. मीटरला लोहचुंबक लावणारे, मीटर उलटं बसवणारे, मीटरवर मुद्दाम शेवाळ वाढवणारे, असे एकाहून एक नग त्यांनी पकडले. आणि हात कसे? धुतल्या तांदळासारखे! "एकतीस वर्षांत कुणाच्या घरी चहाचा घोट घेतला नाही," छातीवर हात ठेवून ते सांगत. "आकडा टिपायचा, ग्लासभर पाणी प्यायचं, की पुढचं घर. बस्स!" ते निवृत्त झाले, पण लोकांनी त्यांचं नाव काही निवृत्त केलं नाही.

तर अशा माणसाच्या हातात मोबाइल कंपनीनं एक नवं मीटर दिलं. मग व्हायचं तेच झालं.

कंपनीची एक कुटुंब योजना होती. घरात फोन चार, पण डेटा सगळ्यांत मिळून चाळीस जीबी. काकांनी घरच्यांना ते दोन वाक्यांत समजावलं. "गच्चीवर टाकी एक, नळ चार. कुणीही नळ सोडला तरी टाकी सगळ्यांची रिकामी होते!" ही टाकी दर अठ्ठावीस दिवसांनी भरायची, कारण कंपनीच्या कॅलेंडरात बाराही महिने फेब्रुवारीच! आणि मधेच संपली तर? तर दर दहा एमबीला वेगळे पैसे, जेवढा वापर तेवढे.

हे ऐकून काका कंपनीच्या दुकानात भर गर्दीत कडाडले होते. "मर्यादा तुमची, महिना तुमचा, मीटर तुमचं, आणि वर भुर्दंड आमचा? एक छदाम जास्तीचा देणार नाही! टाकी संपली की मुख्य कॉकच बंद करा!"

"काका, मग नेट पूर्ण थांबेल हं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आणि पुन्हा सुरू करायला तुम्हाला इथं येऊन सही करावी लागेल."

"थांबू दे! कुठं सही करायची?"

काकांनी अशी काही सही ठोकली, की ती खालच्या दोन कागदांवरही उमटली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात काकूंना एक फोन आला. काकू चाळीस वर्षं विणकाम करत होत्या. त्यांचे लोकरीचे मोजे म्हणजे घालणाऱ्यानं पाय जमिनीवर ठेवायला कां-कूं करावी असे. दुसऱ्या गावातल्या एका लोकरीच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी ते मोजे पाहिले आणि विचारलं, "व्हिडिओवरून वर्ग घ्याल का? मोज्याची टाच वळवायला शिकवा. बारा बायका आहेत. एक वर्ग करून बघू. जमला, तर वर्षभर दर रविवारी तुमचाच वर्ग."

काकूंनी फोन ठेवला आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. आयुष्यात त्यांना आई म्हणणारं, काकू म्हणणारं, 'अगं ऐकलंस का' म्हणणारं माणूस होतं. 'बाई, आम्हाला शिकवा' असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"तीन आठवड्यांनी रविवारी, चार वाजता," त्या म्हणाल्या. "अहो, पण तोवर नेट पुरेल ना?"

काका उभे राहिले. "दोन जीबी लागतील. मी चार राखून ठेवतो! जबाबदारी माझी. एकतीस वर्षं अख्ख्या गावाचं पाणी मोजलंय, चार फोनांचं काय घेऊन बसलीस!"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी रीडिंग घ्यायला सुरुवात केली. कंपनीचं एक ॲप होतं. ते उघडलं, की आधी कंपनीची जाहिरात लागायची. हिरव्या टेकडीवर पाच माणसं हात पसरून धावतात, फुगे सुटतात, गाणं वाजतं, आणि शेवटी पाचही जण दात काढून हसतात. मग कुठं आकडा! काका तेवढ्या वेळात चष्मा पुसून घ्यायचे. मग आकडा वहीत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

पहिले दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी काकांच्या कपाळाला आठी पडली. दिवसाला एक जीबी जायला हवा, तो सव्वा जायला लागला होता.

"गळती आहे," काका हळूच म्हणाले. पाणीखात्यात हा शब्द हळूच म्हणायची पद्धत असते.

गळती आहे म्हटल्यावर दोन रीडिंगांवर कसं भागणार? काका दर दोन तासांनी रीडिंग घेऊ लागले. आणि काय सांगू, गळती वाढली!

गळती शोधायची खात्याची एक रीत आहे. एकेक कॉक बंद करत जायचं आणि मीटरचा काटा थांबतो का बघायचं. पहिला कॉक लेकीचा! ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून आल्यावर घरी जरा नाचाचे व्हिडिओ बघायची.

"आजपासून नाच बंद!"

"बाबा, मी पंधरा मिनिटं बघते!"

"थेंबे थेंबे तळं रिकामं होतं!"

लेकीनं फोन बंद करून ठेवला. गळती चालूच.

दुसरा कॉक सासूबाईंचा, म्हणजे काकूंच्या आईचा. सासूबाई वयानं एक्याऐंशीच्या, पण त्यांचा जीव कुस्तीत. दुपारच्या जेवणानंतर खाटेवर आडवं होऊन, फोन पोटावर उभा करून त्या जगभरच्या कुस्त्या बघत, आणि मधेच "अरे धर त्याचा पाय, मेल्या!" असं ओरडून सगळ्या घराची झोप उडवत. काकांनी घसा खाकरून विषय काढला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझं काय ते बोला, पण माझ्या पैलवानाला मधे आणू नका."

"आई, तुमच्याच लेकीच्या वर्गाचा प्रश्न आहे!"

सासूबाईंनी फोन दिला, पण अशा नजरेनं दिला, की त्या दिवसापासून काकांनी खाटेच्या बाजूनं जाणं सोडलं.

तरी गळती चालूच! आता काका पेटले. दर अर्ध्या तासाला रीडिंग! तिन्ही बायकांचे फोन त्यांनी तांदळाच्या रिकाम्या डब्यात घातले, झाकण घट्ट लावलं आणि डबा कपाटावर चढवला. बाहेर राहिला तो फक्त काकांचा फोन, कारण मीटर वाचायला काहीतरी हवं ना! संध्याकाळी आकडा पाहिला, तर डबा जागच्या जागी आणि दोन जीबी गायब!

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचा फोन द्या बरं जरा. सेटिंगमध्ये गेलं की कुठलं ॲप किती खातं ते सगळं दिसतं."

काकांनी फोन पाठीमागे लपवला. "मीटरच्या पोटात हात घालायचा नाही! पहिला नियम! ज्यानं पोटात हात घातला तो फसला. मीटर बाहेरून वाचायचं असतं."

"अहो बाबा, ते मीटर नाहीये, फोन आहे."

"आकडा दाखवतं ना? मग मीटरच!"

पुढे कोण बोलणार? आपल्याच हट्टाला नियम म्हणणारा माणूस घरात असला, की बाकीच्यांना गप्प बसायला शिकावं लागतं.

घरातले सगळे कॉक बंद आणि तरी काटा फिरतोय, म्हणजे काय? खात्याच्या भाषेत एकच अर्थ: चोरून जोडणी! काकांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. बरोबर त्यांच्या घराखाली फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. दिवसभर त्याच्या काचेतल्या पडद्यावर लग्नांचे व्हिडिओ चालत. एवढे व्हिडिओ चालतात ते कुणाच्या जिवावर? काका तरातरा खाली उतरले. फोटोवाला एका माणसाची हनुवटी दोन बोटांनी धरून सरळ करत होता.

"सोड ती हनुवटी!" काका गरजले. "आधी सांग, माझं नेट कुठून ओढतोस?"

"काय?"

"छतातून ओढतोस! माझ्या घराखाली जोडणी मारलीस! बायकोच्या वर्गासाठी थेंब थेंब साठवतोय मी, आणि तू इथं दुसऱ्यांची लग्नं लावतोस?"

फोटोवाला आधी हसला. मग काका हसत नाहीत हे त्याला कळलं, आणि त्याचाही पारा चढला. "काका, माझी स्वतःची केबलची जोडणी आहे. अमर्याद! तुमचं मोजून-मापून वापरलेलं नेट घेऊन मी काय करू? चाटू?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

हे शब्द बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेले. चार माणसं जमली. हनुवटीवाल्या गिऱ्हाइकानं तोंड न हलवता विचारलं, "मी जाऊ का?" आणि फोटोवाला एकेक शब्द तोलून म्हणाला, "काका, वयाचा मान ठेवतो म्हणून बोलत नाही. पण ह्या दारात पुन्हा पाय ठेवू नका."

"ठेवतोय कोण!" म्हणून काका ताठ मानेनं वर आले. वर आल्याबरोबर त्यांनी आधी काय केलं असेल? रीडिंग घेतलं.

असा तो रविवार उजाडला. शिल्लक साडेतीन जीबी. लागणार दोन. काकूंनी पहाटेच केस धुतले होते. आरशासमोर उभं राहून त्यांनी "नमस्कार, आज आपण टाच वळवायला शिकू या" हे वाक्य सतरा वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी 'टाच'पाशी त्यांचा आवाज कापायचा. लेकीनं टेबलावर दोन बरण्या ठेवून त्यांना डब्यातून काढलेला काकूंचा फोन टेकवला. सासूबाईंनी लोकरीचा लाल गुंडा मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. समोरच्यानं डोळे वटारले, की आधी त्याचा पाय धरायचा."

आणि काका? काका पहाऱ्यावर! आज चोराला वाव द्यायचा नाही म्हणून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, दर दहा मिनिटांनी रीडिंग. टेकडी, फुगे, गाणं, दात, आकडा! टेकडी, फुगे, गाणं, दात, आकडा! दुपारी बाराला पावणेतीन. दोनला दोनच्या खाली. चारला पाच मिनिटं कमी असताना एक जीबी आणि वर चिमूटभर!

काकांना घाम फुटला. आता सांगावं तर कसं सांगावं? काकूंच्या चेहऱ्यावर इतकं तेज होतं, की काकांची जीभच उचलेना. "पुरेल," ते स्वतःशी म्हणाले. "पुरवीन! माझं नाव मीटरकाका आहे!" आणि त्यांनी रीडिंग दर दोन मिनिटांनी घ्यायला सुरुवात केली.

वर्ग सुरू झाला. पडद्यावर बारा चौकोनांत बारा बायका, तेराव्यात मालकीणबाई. काकूंचा आवाज 'टाच'पाशी कापला, आणि मग काय झालं कोण जाणे, सुया हातात आल्यावर त्या सगळं विसरल्या. "हं, निम्मे टाके सुईवर तसेच राहू द्यात. घाई करू नका. मोजा घाईत विणला की आयुष्यभर पायाला टोचतो." बायका हसल्या. एकीनं विचारलं, "बाई, इथं भोक पडतंय." काकू म्हणाल्या, "पडू दे. भोक कुठं पडतं हे कळलं, की निम्मं विणकाम आलं." मालकीणबाई मान डोलवत होत्या. दारात उभी राहून लेक रडत होती आणि हसतही होती.

बाविसाव्या मिनिटाला काकूंनी सुई वर उचलली. "आता नीट बघा हं, खरी मेख इथंच आहे..."

आणि तेरा बायका थिजल्या! कुणाचं तोंड उघडं, कुणाचा डोळा अर्धा मिटलेला. मग पडदा काळा झाला. स्वयंपाकघरातून काकांच्या फोनमधली गोड बाई म्हणाली, "आपली डेटा मर्यादा संपली आहे. आपल्याच विनंतीनुसार सेवा थांबवण्यात आली आहे."

"आपल्याच विनंतीनुसार?" काकू म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सुई अजून तशीच उचलून धरली होती. "चाळीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा माझं असं काहीतरी होतं हो."

काकांना वाटलं, फरशीनं दुभंगून आपल्याला खालच्या स्टुडिओत पाडावं. पण तिथं तर पाय ठेवायची बंदी!

"उठ," सासूबाई खाटेवरून उतरल्या. "कुस्ती मातीत नाही जमली तर गादीवर खेळायची. खाली चल, फोटोवाल्याकडे!"

तिघीजणी खाली निघाल्या. पुढे सासूबाई, मधे काकू, मागे फोन आणि बरण्या घेऊन लेक. गडबडीत लाल गुंडा वरच राहिला आणि धागा उलगडत जिन्यावरून खाली चालला. फोटोवाल्यानं दार उघडलं, काकूंचा चेहरा पाहिला, आणि एकही प्रश्न विचारला नाही. "या काकू, या. आजी, पायरी सांभाळा." मग त्यानं वर जिन्याकडे पाहिलं. "काका नकोत."

दार बंद झालं. फटीतून फक्त लाल धागा आत गेला. काका जिन्यावर एकटेच उभे. खाली जावं तर मनाई, वर जाऊन करावं काय? मग धागा ताणला गेला, तेव्हा त्यांनी गुंडा उचलला आणि आत जाईल तसा हळूहळू सोडत राहिले. आतून हशा ऐकू आला. वर्ग पुन्हा सुरू झाला होता. काकांना एवढं बरं वाटलं, आणि एवढं वाईट वाटलं, की त्या दोन्हींचा मिळून त्यांना संतापच आला! मग त्यांनी गुंडा जिन्यावर नीट ठेवला, वही काखेत मारली आणि ते थेट कंपनीच्या दुकानात जाऊन धडकले.

"तीन आठवड्यांची रीडिंगं आहेत माझ्याकडे!" वही काउंटरवर आपटून काका म्हणाले. "गळती तुमच्या पाइपात आहे! आज सिद्ध केल्याशिवाय हलणार नाही!"

काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. "काका, तुम्ही आमचं ॲप किती वेळा उघडता?"

"दिवसाला चाळीस वेळा! परवा तर पन्नास! मीटरवर लक्ष ठेवणारा माणूस आहे मी!"

"तेच म्हणतेय. आकडा बघणं मोफत आहे. पण आधी जाहिरात लागते ना, ती वापरात धरतात." तिनं पडदा काकांकडे फिरवला. "तुमच्या फोनवर ती चारशे बारा वेळा चाललीय. पंचवीस जीबी त्यातच गेलेत." मग न राहवून ती पुढं म्हणाली, "ज्यांनी ती बनवली, त्यांनीसुद्धा एवढ्या वेळा बघितली नसेल, काका."

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा कुणी असता तर तिथंच विरघळला असता. पण काका! काकांनी एक श्वास घेतला आणि रांगेकडे तोंड फिरवलं.

"ऐका सगळे! किती वापरलं हे बघायला गेलं की तेवढ्यात आणखी वापरलं जातं! हे मीटर आहे की खिसेकापू? एकतीस वर्षं मी मीटर वाचलं. कधी गिऱ्हाइकाला म्हणालो, की आकडा बघायचाय तर आधी दोन बादल्या ओता?"

"बरोबर आहे!" रांगेतून आवाज आला. "माझंपण असंच जातं!" दुसरा म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली. काकांनी तिथंच लांबलचक तक्रार लिहिली, तिच्यावर रांगेतल्या नऊ जणांच्या सह्या घेतल्या, आपल्या हातानं बंद केलेला कॉक आपल्याच सहीनं उघडवला, आणि विजयी वीरासारखे घराकडे निघाले. वाटेत फोटोवाल्याच्या दारापाशी थांबून, उंबऱ्याच्या बाहेरूनच, ते भिंतीकडे बघत म्हणाले, "छतातून काही ओढलं जात नव्हतं. तपास पूर्ण झालाय." फोटोवाला म्हणाला, "बरं." दोघांनीही तेवढ्यावर भागवलं.

घरी काकू खाटेवर बसून विणत होत्या. चेहरा शांत होता. स्टुडिओतल्या दिव्यांत टाका न् टाका स्वच्छ दिसला, पाठीमागे धबधब्याचा पडदा होता, आणि मालकीणबाई इतक्या खूश झाल्या की वर्षभराचे रविवार पक्के! फक्त एक अट काकूंनीच घातली होती. वर्ग खालीच होणार.

"सापडली गळती!" काका दारातूनच गरजले, आणि सगळी हकीकत त्यांनी जाहिरातीपासून नऊ सह्यांपर्यंत हातवारे करून सांगितली. "आता तूच सांग! मीटर वाचायच्या निमित्तानं वापरायचं त्यांनी आणि भरायचं मात्र गिऱ्हाइकानं! असला अन्याय जगात कुठं पाहिलायस?"

लेकीनं ओठ दाबून धरले. सासूबाईंचा फोन परत मिळाला होता, तरी त्यांनी कुस्ती थांबवली. काकूंनी सुयांवरची नजर काढली नाही.

"एकतीस वर्षं तुम्ही प्रत्येक घरी ग्लासभर पाणी प्यायचात," त्या म्हणाल्या. "ते कुणाच्या मीटरवर?"

काकांनी वही या काखेतून त्या काखेत मारली. मग त्यांना एकदम मुद्दा सापडला.

"मी आकडा टिपून झाल्यावर प्यायचो!"

"हो का," काकू टाका उचलत म्हणाल्या. "म्हणजे पुढच्या बिलात."

खरं सांगायचं, तर एवढं चालून आणि भांडून काकांच्या घशाला कोरड पडली होती. पण त्या संध्याकाळी त्या घरात ग्लासभर पाणी मागायची त्यांची काही हिंमत झाली नाही.